सहा शब्द माझ्याकडे

माणूस नश्वर आहे, नेटवर्क शाश्वत. हे विधान माझ्या मित्राने लखनौच्या अलीगंजमधल्या त्याच्या बाल्कनीत, पोह्यांची बशी हातात धरून केलं होतं. आम्ही दोघे एकाच बँकेतून निवृत्त झालो. त्यानंतर मी गुडघे दुखवून घेतले आणि त्याने क्रिप्टोची नाणी घेतली. ती ज्या नेटवर्कवर होती, त्याचं मोठं अपग्रेड व्हायचं होतं. ते झालं की वीज कमी लागेल, व्यवहाराचं शुल्क नाममात्र होईल आणि पुढची शंभर वर्षं बघायला नको, असं तो सांगायचा. शंभर वर्षांनी तू कुठे असशील, असं मी विचारलं. तो म्हणाला, "असं नेटवर्कसमोर विचारू नये. बरं दिसत नाही."

त्या नाण्यांची किल्ली म्हणजे ठरावीक क्रमाने लिहिलेले बारा इंग्रजी शब्द. ते हरवले तर नाणी दिसतात, पण हलत नाहीत. आम्ही जन्मभर स्ट्राँगरूम दोन अधिकाऱ्यांच्या दोन किल्ल्यांनी उघडली होती. त्यामुळे त्याने सहा शब्द स्वतःकडे ठेवले, सहा मला दिले, आणि मूळ कागद आम्ही विधिवत जाळला. माझ्या सहांत एक शिडी आहे आणि एक लसूण. डुप्लिकेट किल्ल्या दुसऱ्या शाखेत ठेवायच्या असतात, एवढा एकच नियम आम्ही विसरलो.

अपग्रेडच्या तीन आठवडे आधी तो झोपेतच गेला.

या नेटवर्कवर कोणाचंही खातं कोणालाही बघता येतं, पत्ता माहीत असला की झालं. मी रोज सकाळी बघू लागलो. आकडा जागच्या जागी असायचा. कुलूप लावलेल्या घरात दिवा जळताना दिसावा, तसं वाटायचं.

वहिनींच्या भाड्याच्या घराचा करार संपत आला होता आणि मुलाला त्यांना बंगळुरूला न्यायचं होतं. पण उरलेले सहा शब्द सापडेपर्यंत त्या हलायला तयार नव्हत्या. पेन्शन येत होती, पैशाची अडचण नव्हती. यांनी शेवटचं जे लपवून ठेवलं ते मला वाचायचंय, असं त्या म्हणायच्या. अमीनाबादला शिवलेल्या त्याच्या कोटाचं अस्तरसुद्धा त्यांनी उसवून पाहिलं.

अपग्रेड कुठलाही गाजावाजा न होता पार पडलं. दोन दिवसांनी खात्यातला आकडा वाढलेला दिसला. वाढ नगण्य होती, दशांश चिन्हानंतर पुष्कळ शून्यं आणि मग कुठे एक आकडा. पाठवणाऱ्याचा पत्ता अनोळखी. हे मी वहिनींना सांगितलं. सांगायला नको होतं.

त्यांनी माझा मोबाइल घेऊन आकडा पाहिला. मग म्हणाल्या, "यांना वेळेवर काही करणं कधी जमलंच नाही."

मी मुलाला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. त्याला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत येतं. "अंकल, स्पॅम है। अब फीस ना के बराबर है, तो लोग हज़ारों पतों पर एक साथ भेज देते हैं। मम्मी को मत बताइए।"

मम्मी माझ्या शेजारीच होती. "म्हणजे पत्ता चालू आहे," त्या म्हणाल्या. "मी इथून गेले आणि पुन्हा काही आलं, तर?"

"मम्मी, वो घर का पता नहीं है।"

"तुला काय माहीत? तू राहतोस का इथे?"

मी मुलाची बाजू घ्यायला हवी होती. पण त्या दिवशीही चहाच्या आधी मी खातं उघडून पाहिलं होतं, आणि आदल्या दिवशीपेक्षा जरा जास्त वेळ पाहत बसलो होतो. मी चष्मा पुसत राहिलो.

तज्ज्ञांचे लेख मी अजून वाचतो. अपग्रेडनंतर नेटवर्कचा पाया भक्कम झाला आहे आणि दीर्घकालीन चित्र आशादायक आहे, यावर बहुतेकांचं एकमत दिसतं. वहिनी लखनौतच राहिल्या. घरमालक भला माणूस आहे, त्याने लगेच नवा करार करून दिला. अकरा महिन्यांचा.