तांडेल म्हणायचं नाही

"कोणी पाठवलं?"

समोर कोणीही येऊन उभं राहिलं की त्याचा पहिला प्रश्न हाच. पोस्टमन असो, नाहीतर गौरी-गणपतीत मोदक घेऊन गेलेली मी असो. "गणपतीनं," मी एकदा म्हटलं. तो हसला नाही. मोदक उलटसुलट करून बघितला, मगच खाल्ला.

ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत तुम्ही मांडवीला फिरायला येत असाल, तर तुम्हीही त्याला पाहिलं असेल. बहिणीच्या ओट्यावर, भिंतीला पाठ टेकून, जाळं सांधत बसलेला. पाठीमागे कोणी येऊ शकणार नाही अशीच जागा तो निवडायचा. बहीण माझी शेजारीण. मी मुलींच्या शाळेत इतिहास शिकवत होते.

कित्येक वर्षं तो इथल्या मचव्यावर तांडेल होता. म्हणजे नाव चालवणारा, खलाशांचा मुख्य. मग जास्त पगार मिळतो म्हणून बहिणीच्या नवऱ्यालाही घेऊन गुजरातेत वेरावळच्या ट्रॉलरवर गेला. एका पहाटे त्यांची बोट समुद्रातली हद्द ओलांडून गेली आणि पाकिस्तानच्या गस्ती बोटीनं सगळ्यांना धरून कराचीला नेलं. दोनेक वर्षांनी त्यांच्या स्वातंत्र्यदिनानिमित्त, चौदा ऑगस्टला, खलाशी सोडले. तो आला. बहिणीचा नवरा आला नाही.

बहीण त्याला दोन वेळा जेवायला वाढायची, पण ओट्यावर. घरात ये म्हणायची नाही. सणासुदीला ताट ठेवता ठेवता विचारायची, "दादा, तू सुटलास. ते का नाय?"

"सरकारला ठाऊक."

"तू काय सांगितलंस त्यांना?"

तो मान खाली घालून जाळ्याची गाठ मारायला लागायचा.

मांडवीनं आपलं उत्तर काढून ठेवलं होतं. याला सोडलेलं नाही, हेर म्हणून पाठवलेलं आहे. पुरावे भरपूर. ऑगस्ट लागला की ट्रान्झिस्टरवर कराची लावायचा. कोणी जुन्या सवयीनं 'तांडेल' अशी हाक मारली की भडकायचा. "तांडेल म्हणायचं नाय! खलाशी हाय मी." ज्या नावानं जन्मभर मिरवला तेच नको झालं, म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय. पंधरा ऑगस्टची प्रभातफेरी ओट्यासमोर आली की सगळ्यांचे डोळे त्याच्यावर. तो उठून ताठ उभा राहायचा. "नाटकं बघा," चहावाला म्हणायचा. बसून राहिला असता तर काय म्हणाला असता, ते तुम्हीच ओळखा.

एकदा साध्या कपड्यांतला पोलीस माझ्याकडे आला. "बाई, रेडिओवर काय ऐकतो तो?"

"बातम्या," मी म्हटलं. "तुम्हीही ऐकत जा."

एका ऑगस्टात त्यानंच मला हाक मारली. "बाई, इतिहासाच्या ना तुम्ही? मंग सांगा. वाटणी एकाच वेळी झाली, तर त्यांचा दिवस आपल्या आधी कसा? यात कायतरी हाय."

मी सांगितलं, "कायद्यानं दोन्ही देश पंधरा तारखेचेच. पण शेवटच्या व्हाइसरॉयला दोन्हीकडे हजर राहायचं होतं. चौदाला कराचीत भाषण केलं आणि रात्री दिल्ली गाठली. पुढच्या वर्षीपासून त्यांनी चौदाच धरली."

"म्हणजे पावणा एक नि लग्नं दोन!" तो पहिल्यांदाच हसला. मग ट्रान्झिस्टर बंद करत म्हणाला, "त्या दिवशी तुरुंगाची दारं उघडतात, बाई. दोघांचं बरं चाललं असेल तर. यंदा सरहद्दीवर, बर्फाच्या डोंगरात गोळ्या झाडतायत म्हणे. यंदा कोण येत नाय."

कराची कशासाठी लावतो, ते मला तेव्हा कळलं.

त्याच वर्षीच्या नारळी पौर्णिमेला बहीण नारळ घेऊन समुद्रावर निघाली, तर हा वाटेत उभा.

"बाय, त्या बोटीचा तांडेल मी होतो."

"ते मला ठाऊक नाय काय?"

"पाकिस्तानवाल्यांना ठाऊक नाय. त्या पहाटे मला ताप होता. सुकाणू तुझ्या नवऱ्याकडं दिलं नि आडवा झालो. त्यांनी विचारलं, तांडेल कोण? सुकाणू ज्याच्या हातात, तो तांडेल. सगळ्यांनी तिकडंच बघितलं. मी गप राहिलो. खलाशी लवकर सोडतात. तांडेलाला नाय."

बहीण तशीच घरी परतली. ओट्यावरचं त्याचं ताट उचललं, आत नेलं, पालथं घातलं.

दुसऱ्या सकाळी ओटा रिकामा होता. ट्रान्झिस्टर बहिणीच्या उंबऱ्यावर ठेवून तो वेरावळला निघून गेला होता.

दोन वर्षांनी, पुन्हा एका ऑगस्टात, तिचा नवरा सुटून आला. हाडं आणि दाढी, एवढंच उरलं होतं. चहाचा कप हातात घेताच म्हणाला, "दादा कुठाय?"

तिनं सांगितलं.

"गप राहा म्हणून मीच दरडावलं त्याला," तो म्हणाला. "तापानं फणफणला होता. तांडेलाला पयलं मारतात. मीच पुढं झालो नि बोललो, मी तांडेल. ह्ये त्यानं सांगितलं नाय तुला?"

नव्हतं सांगितलं.

तेव्हापासून इथलं कोणी वेरावळला कामाला निघालं की ती ओट्यावर येऊन त्याला थांबवते. कोणी म्हणतं तो ओख्याला गेला, कोणी म्हणतं पोरबंदरला. ती ऐकून घेते आणि निरोप देते तो देतेच.

"घरात जेवायला ये म्हणून सांग. तो पयलं विचारील, कोणी पाठवलं. माझं नाव घे."