दुपट्ट्यावरचा डाग

१९९६ साल. मी तेव्हा बावन्न वर्षांचा, चौथी शिकलेला, सर्दीतून नुकताच उठलेला. ताप उतरला होता, पण खोकला छातीत ठाण मांडून बसला होता.

पोरीसाठी रोहणा गावचं स्थळ आलं होतं. दोन्हीकडून पसंती होती, फक्त सुपारी फुटायची बाकी. पोराच्या आईने आमच्या गावी, हिंगणीला निरोप धाडला, रविवारी सगळे मिळून वर्ध्याला पिक्चर पाहू, पोरं दोन शब्द बोलतील.

बायको म्हणाली, "तुमी राहा घरी. तिथं खोकत बसान."

"पोरीचा बाप मी का तू?" म्हटलं, आणि टोपी घालून निघालो.

खोकला दबावा म्हणून टाकीजसमोर लवंग घातलेलं पान घेतलं. मला पानाची सवय नव्हती. आत बायका एकीकडे बसल्या, पुरुष एकीकडे. माझ्या शेजारी पोराचा मामा. त्या घरात त्याचाच शब्द चालायचा.

अंधार होताच मामाने बिडी पेटवली. धूर घशात गेला. मी दम धरला, डोळ्यांतून पाणी आलं. नेमकं पडद्यावर सगळं शांत झालं आणि खोकला सुटला. तोंडाला खांद्यावरचा दुपट्टा लावला. पान सगळं त्यातच गेलं.

मध्यंतरात लाइट लागले. पांढऱ्या दुपट्ट्यावर लालभडक डाग. मामा डागाकडे पाहत राहिला, मग माझ्याकडे. पान आहे, एवढंच सांगायचं होतं. पण त्याने विचारलंच नाही, आणि न विचारता सफाई देणारा माणूस मी नाही. तो उठून पोराच्या आईजवळ गेला, कानात काही बोलला. पिक्चर पुन्हा सुरू झाला तरी माझ्या शेजारची खुर्ची रिकामीच होती.

बस स्टँडवर मामा म्हणाला, "भाऊ, तब्येत दाखवून घ्या पहिले. सुपारीचं मंग पाहू."

"मले काय झालं?"

"ते तुमालेच माईत."

घरी बायको रडली. "पान होतं म्हून सांगाले तोंड नोतं काय?"

"त्याच्यासमोर हात जोडू? रक्त समजला तर समजू दे. दुसरं स्थळ पाहू."

पोरगी चुलीपुढे भाकरी थापत होती. तिने आजवर माझ्याजवळ काही मागितलं नव्हतं. मान वर न करता म्हणाली, "बाबा, छातीचा फोटू काढून घ्या नं. मले तेच घर पसंत हाये."

मी न जेवताच आडवा झालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली बस धरून वर्ध्याच्या सरकारी दवाखान्यात गेलो आणि टीबीवाल्यांच्या रांगेत उभा राहिलो. पुढे सगळे हाडकलेले लोक, हातात थुंकीच्या डब्या. कोणी कोणाकडे पाहत नव्हतं. माझा नंबर आला.

"काय त्रास हाये?" खिडकीतल्या माणसाने विचारलं.

"काईच नाई."

"मंग आले कशाले?"

"पोरीचं लग्न जुळवाचं हाये," म्हटलं, आणि सदऱ्याच्या गुंड्या सोडत फोटोच्या खोलीपुढे जाऊन बसलो.