पाळीच्या रविवारचे पोहे

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आमच्या ह्यांना नाही, सख्ख्या बहिणीला तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतेय, कारण — कारणबिरण काही नाही, सांगतेय झालं.

नव्वदीची सुरुवात. गिरगाव सोडून आम्ही भाईंदर पूर्वेला राहायला आलो, खारीगावाला अगदी खेटून. इमारती नव्या, रस्ते अजून व्हायचे, आणि रविवारी आजारी पडायची सोय नाही! सगळे दवाखाने बंद. मग आसपासच्या फॅमिली डॉक्टरांनी ठरवलं — सुट्टीच्या दिवशी आळीपाळीनं एकानं आमच्या सोसायटीच्या ऑफिसात बसायचं. सोसायटीतला एकुलता एक फोन तळमजल्यावर आमच्याकडे, म्हणून ऑफिसची किल्लीही माझ्याकडे. काय सांगू तो थाट! आठवडाभर पोळ्या लाटणारी मी रविवारी सकाळपासून नुसती उडत असायची. फोन खणखणला की मी, बेल वाजली की मी. शेजारणी मला ‘डॉक्टरीणबाई’ म्हणून चिडवायच्या आणि मला ते मनापासून आवडायचं.

त्यातले एक डॉक्टर तरुण होते. रत्नागिरीकडचे, बिनलग्नाचे, हसले की खळी पडायची. माझी धाकटी बहीण सुमन लग्नाची. आता तुम्हीच सांगा, माझ्या डोक्यात दुसरं काय येणार होतं? पण रीतसर दाखवायचं म्हणजे दोन्हीकडची मोठी माणसं, पत्रिका, नाकं मुरडणं... त्यापेक्षा त्यांच्याच पाळीच्या रविवारी मी सुमनला बोलावून घेतलं. दुपारी पेशंट थांबले तसं डॉक्टरांना म्हटलं, चला, पोहे खाऊन जा. ऑफिसला कुलूप घातलं. कुणी आलंच तर आमची बेल वाजवतील, तशी पाटीच होती.

आणि जमत होतं हो! सुमन लाजायचं विसरून हसत होती, डॉक्टर दुसऱ्यांदा पोहे मागून घेत होते. मला तर स्वयंपाकघरात नाचावंसं वाटत होतं.

बेल वाजली.

दारात खारीतला एक माणूस होता, माझ्याच वयाचा, पायात चप्पल नाही. “ताई, डाक्टर हाय का? आयला दम लागलाय, बोलता पन येत न्हाय.”

आत सुमन पुन्हा हसली. तेवढं हसू मोडेल म्हणून? खरंच, तेवढ्यासाठी? मी दार अर्धं ओढून घेतलं आणि म्हणाले, डॉक्टर व्हिजिटला गेलेत, कधी येतील सांगता येत नाही. आत येऊन सांगितलं, पेपरवाला होता.

म्हातारीला त्यानं टेम्पोत घालून बोरिवलीच्या हॉस्पिटलात नेलं. वाचली ती. पण पुढच्या रविवारी तो आला — सगळे डॉक्टर आणि सोसायटीची मंडळी जमलेली असताना, तक्रार घेऊन. आमचे डॉक्टर गोंधळून म्हणाले, मी तर इथेच होतो, थोडा वेळ ताईंकडे, पण कुणी आलंच नाही. सगळे माझ्याकडे बघायला लागले. सुमनचं त्यांच्याशी नुकतंच जमलं होतं. मी त्या माणसाच्या डोळ्यांत बघून म्हटलं — अगदी शांतपणे म्हटलं — छे, मी याला कधी पाहिलंसुद्धा नाही.

“मी खोटा बोलत न्हाय,” तो म्हणाला. एकदाच. कुणीतरी पुटपुटलं, या लोकांना सवयच असते. मला लाज वाटली का? त्या क्षणी नाही. सुटले बाई, एवढंच वाटलं.

त्यानंतर खारीतून आमच्याकडे कुणी आलं नाही. थंडीत म्हातारीला पुन्हा दम लागला. रविवारच होता, आणि पाळीचे डॉक्टर हाकेच्या अंतरावर ऑफिसात बसलेले होते. त्यानं आमची बेल वाजवली नाही. थेट बोरिवलीची वाट धरली आणि ती टेम्पोतच गेली.

मला हे त्याच संध्याकाळी आमच्या कामवाल्या बाईनं सांगितलं. सुमनची हळद आमच्याकडेच होती. मी ऐकून घेतलं, हात पुसले, आणि तिला हळद लावायला आत गेले.