व्हरांड्यातली शिरगणती

मी आजवर पुष्कळ प्रवासवर्णने लिहिली. कोकणाचे लिहिले, मेळघाटाचे लिहिले. एकदा भुसावळला गाडी चुकली तेव्हा तिथल्या फलाटाचेही लिहिले, आणि ते आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या अंकात दोन भागांत आले. डहाणू-तलासरीचे मात्र कधी लिहिले नाही. कोणी विचारलेच तर "तिकडे समुद्र आहे" एवढे सांगून मी विषय हवामानाकडे नेतो. हवामान संपले की चहा मागवतो. आता डॉक्टरांनी चहाच बंद केला आहे, तेव्हा लिहून टाकलेले बरे.

पालघर जिल्हा तेव्हा नवा होता. मी निवृत्त होऊन पुन्हा कंत्राटावर आकडेवारीच्या कामाला लागलो होतो. बाह्यरुग्णांची, म्हणजे दवाखान्यात येऊन औषध घेऊन घरी जाणाऱ्यांची माहिती सगळीकडे एकाच पद्धतीने गोळा व्हावी, असे सरकारच्या मनात आले होते. तोवर जो तो आपल्या रीतीने मोजत असे. एक कार्यालय केसपेपर मोजायचे, दुसरे आजार मोजायचे, तिसरे संपलेल्या गोळ्यांवरून माणसांचा अंदाज बांधायचे. एकाच माणसाला खोकला आणि खरूज दोन्ही असेल तर तो एक धरायचा की दोन, यावरची बैठक जेवणानंतरही चालली. शेवटी त्याची खरूज उपसमितीकडे सोपवली. मग ठरले की प्रत्येक केंद्रावर एक बाहेरचा निरीक्षक बसवावा, त्याने स्वतः मोजावे आणि केंद्राच्या आकड्याशी ताडून पाहावे. सूचनापत्रात एक वाक्य ठळक होते: निरीक्षकाने केंद्रावर कोणाशीही बोलू नये, बोलल्याने माहिती दूषित होते. हे वाक्य मला फार आवडले होते.

डहाणू रोडला उतरलो तो स्टेशनबाहेर पाट्याच पाट्या चिकू. खात्याची जीप घेऊन भरत नावाचा चालक आला होता. त्याची आई डहाणूची, वडील उंबरगावकडचे. तो भांडायचा गुजरातीत, हिशेब करायचा हिंदीत आणि जांभई मराठीत द्यायचा.

"साहेब, पुढे बसा. मागे स्टेपनी हाय," तो म्हणाला. "तुमची सोय बोर्डीला. मॅडमनी सांगितलंय."

मॅडम म्हणजे डॉक्टर सावे. ज्या आरोग्यकेंद्रावर मला बसायचे होते ते तलासरी तालुक्यात, उधव्याच्या अलीकडे. गावाचे नाव लिहीत नाही. तिथल्या त्या वैद्यकीय अधिकारी. त्यांचे माहेर बोर्डीला, आणि तिथे त्यांची आई एकटी वाडी सांभाळत होती. जिची तपासणी करायची तिच्याच घरी उतरणे नियमात बसते का, हा प्रश्न मला पडला. मी सूचनापत्र पुन्हा वाचले. त्यात बोलू नये असे होते. जेवू नये असे नव्हते.

बोर्डीच्या किनाऱ्याला सुरूची झाडे आहेत आणि समुद्र ओहोटीला इतका मागे जातो की कोणी बोलावून नेल्यासारखा वाटतो. सावेकाकूंची वाडी किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर. पुढे नारळ, मागे चिकू, मध्ये झोपाळा. काकूंनी मला झोपाळ्यावर बसवले, पानात तांदळाची भाकरी आणि बोंबलाचे कालवण वाढले, आणि माझे तोंड भरल्यावर त्यांनी बोलायला सुरुवात केली.

"माझ्या लेकीची बदली व्हायचीय इकडे. जागा रिकामी आहे. म्हणे कोणी आकडेवाला येऊन मोजून गेला, की कागद हलणार. माझे गुडघे गेले हो. रात्री मोटर बंद करायला उठवत नाही. तुम्ही त्याच खात्यातले ना? ओळखता का त्याला?"

"तोंडओळख आहे," मी म्हणालो.

"कसा आहे स्वभावाने?"

"काटेकोर आहे."

"मग झालंच काम," असे म्हणून काकूंनी मला आणखी एक बोंबील वाढला.

दुसऱ्या दिवशी भरतने मुद्दाम लांबचा रस्ता घेतला. विवळवेढ्याच्या महालक्ष्मीला सांगितल्याशिवाय तो नव्या माणसाला तलासरीत नेत नाही. महामार्गावर ट्रकांची रांग, एका बाजूला सुळक्याचा डोंगर, आणि हॉटेलांच्या पाट्या अर्ध्या मराठीत, अर्ध्या गुजरातीत. मग रस्ता आत वळला, भातखाचरे लागली, ताडाची झाडे लागली आणि मोबाइलची रेघ गेली.

डॉक्टर सावे दारातच उभ्या होत्या. आवाज असा की ओपीडीतून हाक मारली तर महामार्गावरचा ट्रक थांबावा. "या या, आकडेवाले. आमचं केंद्र तालुक्यात पहिलं आहे. कोण म्हणतं विचारा."

मी तोंडावर बोट ठेवले आणि ठळक वाक्य दाखवले.

"बरं," त्या म्हणाल्या, "मग मीच सांगते. मी म्हणते."

मी व्हरांड्यातल्या खांबाआड खुर्ची टाकली आणि ओळख पटू नये म्हणून काळा चष्मा घातला. माणसे येऊ लागली. बायका, म्हातारे, कडेवरची मुले, कोंबडी घेतलेला एक गृहस्थ. पाड्यांवरून (वस्त्यांवरून) घोळक्याने येत, व्हरांड्यात ऐसपैस बसत, डब्यातली आंबील (नाचणीची पातळ पेज) पीत, हसत, भांडत. मला त्या सोशिकपणाचे कौतुक वाटले. एवढे आजारी आणि एवढे आनंदी लोक मी कुठे पाहिले नव्हते. मी प्रत्येक डोक्यामागे एक रेघ मारत गेलो. एक म्हातारा, जान्याकाका, सारखा आत-बाहेर करत होता. डोक्याला फडके कधी बांधलेले, कधी सोडलेले, म्हणून तो दोनदा मोजला गेला असावा.

जाता जाता तो माझ्यासमोर उकिडवा बसला. "काय झाला, बाबा? डोळे आले काय?"

मी बोललो नाही.

"वाचा पण गेली याची," तो घोळक्याला म्हणाला. सगळे हळहळले आणि एका बाईने मला आंबील दिली. मी ती घेतली. पिऊ नये असेही सूचनापत्रात नव्हते.

संध्याकाळी ताडून पाहिले. डॉक्टरांचा आकडा माझ्या आकड्याच्या जेमतेम पाचवा हिस्सा. मला वाईट वाटले, हे खरे सांगतो. पण त्या वाईट वाटण्यात आनंदाची एक उकळीही होती. साऱ्या जिल्ह्यात तफावत सापडलेला मी पहिलाच निरीक्षक असणार होतो. नेटवर्क फक्त बोर्डीला, काकूंच्या झोपाळ्यावर येत असे. तिथे बसून, काकूंनी सोलून दिलेले चिकू खात मी अहवाल पाठवला: "केंद्राकडून रुग्णसंख्या गंभीररीत्या कमी नोंदवली जाते." खात्याने दिलेल्या टॅबलेटच्या पडद्यावर हिरवी खूण आली.

"पाठवलंत काम?" काकूंनी विचारले. "आता आणखी चार खा."

मी चार खाल्ले. सकाळी निघताना पिशवीभर बरोबर दिले, तेही उधव्याच्या बाजाराकडे जाताना जीपमध्ये संपवले. वर भरतच्या मित्राने आग्रहाने नीरा पाजली. सकाळची नीरा दुपारच्या उन्हात आपले मत बदलते, हे मला कोणी सांगितले नव्हते. उधवा काही मी पाहिला नाही. त्या रस्त्यावरचा एक बांध मात्र फार जवळून पाहिला, कारण मी त्यावर आडवा झालो होतो.

डोळे उघडले तेव्हा भोवती पाडा जमला होता. त्यात जान्याकाका. "हा तर कालचा मुका," तो म्हणाला. मग कोणी पाय धरले, कोणी खांदे, एकीने माझी पिशवी घेतली, एकाने चप्पल. जीपमध्ये जेवढे मावले तेवढे चढले, बाकीचे मागून चालत आले. मला पुन्हा त्याच केंद्रावर नेले.

डॉक्टर सावेंनी पोट दाबून पाहिले. "किती चिकू?"

"मोजले नाहीत," मी म्हणालो.

"बोलला, बोलला," बाहेरून जान्याकाका ओरडला आणि व्हरांड्यात आनंद झाला.

मीठ-साखरेच्या पावडरचे पाणी पीत मी खिडकीतून बाहेर पाहिले. व्हरांडा गच्च भरला होता. आंबिलीचे डबे उघडले होते. कोंबडीवाला गृहस्थही आला होता.

"भरत, हे सगळे आजारी आहेत?" मी विचारले.

"नाय ओ साहेब. हे तुमच्या सोबतीला आलेत. इकडे आजारी माणसाला एकट्याला कोण पाठवतो?" तो म्हणाला. "तुम्हाला तर कोणी नाय, म्हणून जास्त आले."

समोर डॉक्टर बाईंनी त्या दिवसाच्या ओपीडीत माझी नोंद केली. एक पुरुष, पोटदुखी. माझ्या पद्धतीने मी निदान वीस जण होतो.

तेव्हाच सांगायला हवे होते. तोंड उघडले, तर उलटी झाली. परतल्यावर कळवायचे ठरवले, तर साहेबांनी तफावत शोधल्याबद्दल शाल आणि नारळ दिला. शाल अंगावर असताना हे सांगणे जमेना. उन्हाळा असूनही मी ती बरेच दिवस काढली नाही. तफावतीचा खुलासा होईपर्यंत डॉक्टर सावेंची बदली थांबवली गेली आणि त्यांना 'रुग्ण कसे मोजावेत' या प्रशिक्षणाला पालघरला बोलावले. शिकवायला मीच होतो. त्या पहिल्या रांगेत बसल्या होत्या.

"सर," त्यांनी हात वर केला, "कोंबडी धरायची का?"

सगळा हॉल हसला. मी दिवे घालवून पडद्यावर चित्रे दाखवायला घेतली.

मध्ये पुष्कळ वर्षे गेली. गेल्या हिवाळ्यात मी मनाचा धडा करून पुन्हा डहाणू रोडला उतरलो. वाक्य पाठ केले होते. बोर्डीच्या वाडीत दुसरेच कोणी राहत होते. झोपाळा होता, काकू नव्हत्या. मी घाबरून विचारले, तेव्हा समजले की वाडी कसायला देऊन त्या लेकीकडे, तलासरीच्या क्वार्टरवर राहायला गेल्या. लेक आली नाही, म्हणून आई गेली.

केंद्राच्या व्हरांड्यात तोच घोळका, आणि मधोमध, सुपात चिकू घेऊन, सावेकाकू. त्यांना आता फारसे दिसत नसावे. जान्याकाका त्यांच्या शेजारी, तोही वाळलेला.

"कोणाच्या सोबतीला आलात?" काकूंनी विचारले.

"एकटाच आलोय."

व्हरांड्यातली सगळी डोकी माझ्याकडे वळली.

"एकटा?" काकू म्हणाल्या. "घरचं कोणी नाही?"

"कामासाठी आलो होतो, म्हणून..."

"दवाखान्यात एकट्यानं येऊ नये हो," म्हणत त्या गुडघ्यांवर हात टेकून उठल्या. "चला, मी येते." त्यांनी माझा दंड धरला. मला वाटले मी त्यांना आधार देतोय. त्यांना वाटले त्या मला देताहेत. अशा रीतीने आम्ही आत गेलो.

डॉक्टर सावेंचे केस पांढरे झाले होते, आवाज तसाच होता. "काय होतंय, आजोबा?"

वाक्य ओठांवर होते. काकूंचा हात दंडावर होता. मागे खिडकीतून सारा व्हरांडा काळजीने पाहत होता.

"पोटात," मी म्हणालो, "डचमळतंय."

त्यांनी पोट दाबले, माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिले आणि पावडरचे पाकीट दिले. "चिकू जपून खा," त्या म्हणाल्या. मग आईकडे वळल्या. "आई, सोबत कोण यांच्या?"

"मी आहे ना," काकू म्हणाल्या.

परतीच्या गाडीत ते पाकीट माझ्या खिशात होते, अजूनही कपाटात आहे. त्या भागात माणूस आजारी पडला तर पाडा उठतो, आणि मी पाड्यालाच आजारी ठरवून आलो. शिकण्यासारखे एवढेच होते, आणि ते शिकायला मला पिशवीभर चिकू लागले. पाठ केलेले वाक्य मात्र तसेच घरी आले. ते असे होते: "बाई, तुमचा आकडा बरोबर होता आणि माझा चूक. मला ते दुसऱ्याच दिवशी कळले होते आणि मी गप्प बसलो. काकू, तो आकडेवाला मीच होतो. मला क्षमा करा."