नऊ समित्या आणि गणिताचा तास

चेतना सावदेकरच्या स्वयंपाकघराच्या दारामागे रेल्वेचं जुनं कॅलेंडर उलटं टांगलेलं आहे. कोऱ्या बाजूवर नऊ समित्यांची नावं होती आणि प्रत्येकीखाली माणसांची. माणसांची नावं पेन्सिलीने लिहिलेली आहेत. "शाईने लिहावं अशी वेळ अजून आली नाही, बाई," असं ती मला पहिल्या वर्षी हसत म्हणाली होती. आता तेच ती न हसता म्हणते.

मुलांना शाळेत न पाठवता घरी शिकवणारी चौदा कुटुंबं लखनौत एकत्र आली, त्यालाही चार वर्षं झाली. कुणाच्या मुलाला शाळेचा धसका बसलेला, कुणाला शाळा पटत नाही, कुणाची बदली दर दोन वर्षांनी. ही मुलं दर शुक्रवारी दहा ते एक तेलीबागेत आमच्या घराच्या खालच्या खोलीत जमतात. भाडेकरू गेल्यापासून ती खोली रिकामीच होती. मी शाळेतून निवृत्त झाले तेव्हा मुलांचा आवाज आता पुरे झाला असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही, म्हणून खोली दिली.

या गटाचं सगळं चेतना बघायची. ती जळगावची, गणितात एम.एस्सी., नवरा चंद्रशेखर रेल्वेत इंजिनियर. महिन्यातले पंधरा दिवस तो लाइनवर असतो. एकटीने इतकं सगळं करणं बरं नव्हे, म्हणून तिने समित्या केल्या. विज्ञान, सहल, वाचनालय, परीक्षेचे फॉर्म, नवीन पालक, पाणी आणि सतरंजी, वगैरे. एक तर मुलांची भांडणं सोडवायची समिती होती. कामं वाटली गेली की आपल्याला मोकळा वेळ मिळेल, असा तिचा हिशेब होता. आणि तो वेळ तिला अनन्यासाठी हवा होता.

अनन्या तिची मुलगी, पंधरा वर्षांची. भुसावळ, झाशी, गोरखपूर आणि मग लखनौ अशा तिच्या शाळा झाल्या, त्यातल्या दोन वर्षाच्या मध्येच बदललेल्या. ती ज्या शाळेत जाई तिथे अपूर्णांक एक तर शिकवून झालेले असत, नाहीतर पुढच्या सत्रात यायचे असत. त्यामुळे अपूर्णांकांशी तिची गाठ कधी पडलीच नाही, आणि त्यांच्यावर उभं असलेलं पुढचं सगळं डळमळीत राहिलं. सहावीत तिला शाळेतून काढलं ते याच कारणाने. एप्रिलमध्ये मुक्त शाळेच्या दहावीला तिचे चार विषय सुटले. गणित राहिलं. ते ऑक्टोबरमध्ये सुटलं तर अकरावी, नाहीतर एक वर्ष घरी.

म्हणून जुलैपासून सकाळी आठ ते दहा गणित असं ठरलं.

ऑगस्टच्या एका मंगळवारी मी वाचनालयाची वही द्यायला आलमबागेत त्यांच्या क्वार्टरवर गेले. साडेआठ वाजले होते. अनन्या जेवणाच्या टेबलाशी वही उघडून बसली होती. पानावर एक गणित मांडलेलं, अर्ध्यात सोडलेलं. चेतना फोनवर होती. एका हातात पेन्सिल, दुसरीकडे गॅसवर दूध.

"हाँ राजेश जी, इस शुक्रवार बैटरी वाला प्रयोग आपका है." पलीकडे गटातले एक पालक, दुकानदार होते; ती ऐकत राहिली. "अच्छा, दुकान पर कोई नहीं है? नहीं नहीं, रहने दीजिए. मैं देख लेती हूँ."

फोन ठेवला, टेबलाशी आली, पेन्सिल वहीवर टेकवली. "हं, छेद सारखा कर आधी." पुन्हा फोन. मी तिथे चाळीस मिनिटं होते. तेवढ्यात सहा फोन झाले, आणि त्यातले चार "राहू दे, मी बघते" किंवा त्याच अर्थाच्या हिंदी वाक्यावर संपले. दरम्यान अनन्याने समासात पट्टीने रेघ ओढली. मग तिच्या शेजारी दुसरी. सातवीपर्यंत मी मोजल्या.

"मम्मी, आप बात कर लो," ती म्हणाली, "मैं बैठी हूँ." तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

चेतना मला दारापर्यंत सोडायला आली. मी म्हटलं, "तू त्यांना विचारतेस, आणि उत्तरही तूच देतेस."

"म्हणजे?"

"राजेशजी नाही म्हणाले का?"

तिने आठवून पाहिलं. "नाही. दुकानात कुणी नाही म्हणाले."

"आणि थांबले."

"हो."

नव्या शिक्षिकांचं असं होतं. वर्गाला प्रश्न विचारतात आणि दोन क्षण शांतता झाली की त्यांनाच ती सोसत नाही. मग उत्तर स्वतःच देऊन टाकतात. आठवड्याभरात वर्गाला कळतं की नुसतं गप्प राहिलं तरी चालतं. मुलं काही वाईट नसतात, शिकतात एवढंच. हे मी तिला सांगितलं.

"मग काय करू?"

"फोन करू नको असं मी म्हणत नाही. कर. ते थांबले की तूही थांब. परीक्षेपर्यंत."

"बाई, त्यात काय मोठंसं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने मला मुद्दाम बोलावून घेतलं, कारण विनयाला फोन करायचा होता. विनया गोमती नगरला राहते, मूळची पुण्याची, नवरा केंद्र सरकारात अधिकारी. समित्यांची वाटणी झाली तेव्हा तिने चारांत नाव दिलं होतं. ती खोटी बाई नाही. हो म्हणते तेव्हा तिला खरंच यायचं असतं.

चेतनाने फोन टेबलावर ठेवून स्पीकरवर लावला. अनन्याही ऐकत होती.

"विनया, पुढच्या शुक्रवारी सूक्ष्मदर्शक तुझ्याकडे आहे ना?"

"अगं हो, आहेच. मी तर पानंसुद्धा गोळा केलीत. फक्त काय झालंय माहितीये, सासूबाईंची फिजिओथेरपी आता शुक्रवारी केलीय. आणि त्या मुलीला दुसरा वार जमतच नाही गं."

चेतनाचे ओठ हलले. मी खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर एक ई-रिक्षा चिखलात अडकली होती.

"हॅलो? आहेस का?"

"आहे."

"मला वाटलं कट झाला." मग पलीकडे कुणीतरी पंखा वाढवल्याचा आवाज. "म्हणजे मी काय म्हणते, जमलं तर मी येईनच."

चेतना गप्प. तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं होतं, बोट पांढरं पडलं होतं.

"चेतना, तू चिडलीयेस का माझ्यावर?"

"नाही गं. तुझं नाव आहे तिथे, म्हणून विचारलं."

"हो, नाव आहे." बराच वेळ गेला. "असं कर, काढूनच टाक माझं नाव. खरं सांगू? मला कधीचं सांगायचं होतं. तू एवढी धावतेस, तुला नाही कसं म्हणायचं, असं व्हायचं."

फोन संपला. चेतनाने खोडरबर शोधलं, दारामागे गेली आणि चार ठिकाणचं विनयाचं नाव पुसलं. परत आली ती डोळे पुसत. अनन्या म्हणाली, "मम्मी, हो गया ना. अब ये देखो," आणि वही पुढे सरकवली.

पुढच्या दोन आठवड्यांत असं एकेक होत गेलं. पाच जणांनी नावं काढून घेतली. राजेशजींनी मात्र आम्हाला चुकीचं ठरवलं. फोनवर तेही बराच वेळ थांबले, मग "ठीक है, आ जाता हूँ" म्हणाले, आणि दुकानातली फुटकी बॅटरी घेऊन खरंच आले. मुलं तासभर हलली नाहीत. पण एका राजेशजींवर नऊ समित्या चालत नाहीत. सहल रद्द झाली. विज्ञान बंद पडलं. एका शुक्रवारी वर्ग घ्यायला कुणीच आलं नाही, मुलं सात आली, आणि मी त्यांना पुस्तकं वाटून एक वाजेपर्यंत बसवलं. चेतना त्या दिवशी दहानंतरही घरीच अनन्याला समीकरणं शिकवत बसली होती. सोपं नसणार तिला. अकराला तिचा एकच मेसेज आला, "किती आले?" मी "सात" एवढंच लिहिलं.

"तुमच्या सांगण्यावरून सगळं बंद केलं मी, बाई," ती संध्याकाळी फोनवर म्हणाली. "चार वर्षं जुळवत होते."

परीक्षेपर्यंत शुक्रवार बंद ठेवू, असं तिनेच सुचवलं आणि गटावर तसं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बबन गजभिये माझ्या दारात. ते भंडाऱ्याकडचे, एका सरकारी कंपनीत तंत्रज्ञ, सरोजिनी नगरला राहतात. त्यांची स्वप्ना दहा वर्षांची. दोन वर्षं दर शुक्रवारी सकाळी येऊन आमच्या खालच्या खोलीत सतरंजी कोणी घातली, पाण्याचा माठ कोणी भरला, तर यांनी. त्यांना चेतना फोन करत नसे, कारण गरजच पडत नसे. आणि फोन करावा लागत नसल्यामुळे त्यांचं नाव सतरंजीपलीकडे कुठे गेलंच नव्हतं. हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

"मॅडम, ताईकडे जायचं होतं. तुम्ही सोबत असल्या तर बरं," ते म्हणाले. मी त्यांच्या स्कूटरवर मागे बसले. माझ्या वयाच्या बाईने बसू नये अशी ती स्कूटर होती.

गणिताचाच तास चालू होता. चेतनाने खुर्ची दिली, पण ते उभेच राहिले.

"ताई, शुक्रवार बंद नका करू. पोरगी सोमवारीच विचारून राहिली, पप्पा, आज शुक्रवार आहे का. शाळेत असताना ती कोणाशी बोलत नव्हती, तुम्हाला माहीत आहे. तिला बाकी दिवस कोणी नाही जी."

एवढं बोलून ते थांबले.

स्वप्नाला सगळ्यांत आधी बोलतं केलं होतं ते चेतनानेच. तिची नजर टेबलावरच्या फोनवर गेली, मग वहीवर. अनन्याने लिहायचं थांबवलं होतं. तिने आईकडे पाहिलं नाही, पेन तसंच कागदावर टेकवून ठेवलं, आणि शाईचा ठिपका मोठा होत गेला. आम्ही चौघंही त्या शांततेत होतो, आणि मला वाटलं, आता ही हो म्हणणार. मी तिला दोष दिला नसता. माझा सल्ला फोनवरच्या माणसांसाठी होता, दारात उभ्या असलेल्या या माणसासाठी नव्हता.

चेतना काही बोलली नाही.

बबनरावांनी घसा साफ केला. "मला ते विज्ञान-बिज्ञान शिकवता नाही येत. पण शुक्रवारी माझी ड्यूटी दोनला लागते. तोपर्यंत आहे मी."

"शिकवायचं नाही," चेतना हळूच म्हणाली. "दार उघडायचं आणि एकपर्यंत तिथे बसायचं. मुलं काय करायचं ते करतील. जमेल?"

"ते जमते."

"कुणी पडलं तर आयोडीन कपाटात आहे. आणि छोट्या माणिकला दूध चालत नाही, त्याचा डबा वेगळा असतो. आणि पंखा दोनवर ठेवा, तीनवर केला की तो..."

"मम्मी," अनन्या म्हणाली.

चेतना बसली. बबनराव आणि मी बाहेर पडलो. जिन्यात ते म्हणाले, "ताई लय थकल्या आहेत." मी हो म्हटलं.

शुक्रवार चालू राहिले, पण पूर्वीचे नव्हेत. कधी सात मुलं, कधी चार. एका कोपऱ्यात पत्ते, एका कोपऱ्यात पुस्तक, मध्ये बबनराव जुना रेडिओ खोलून बसलेले आणि शेजारी स्वप्ना स्क्रू धरून. दोन कुटुंबं गट सोडून गेली. त्यांतल्या एका मुलाला पुन्हा शाळेत घातलं, आणि ते कळलं त्या दिवशी चेतना जेवली नाही, असं अनन्याने मला सांगितलं. समित्या तीनच उरल्या. हे सगळं चांगलं झालं असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. अनन्याचं गणित मात्र रोज आठ ते दहा झालं. सप्टेंबरमधल्या एका सकाळी मी गेले तेव्हा समासात एकही रेघ नव्हती.

ऑक्टोबरमध्ये पेपर झाला. अनन्या केंद्राबाहेर येऊन म्हणाली, "ठीक था. दो छूट गए." चेतना घरी गेली ती संध्याकाळी सातला झोपली आणि सकाळी सातला उठली.

निकाल अजून लागायचा आहे. परवा मी त्यांच्याकडे होते, अनन्या सुपात मटार सोलत होती, तेवढ्यात एका नव्या आईचा फोन आला. चेतनाने बबनरावांचा नंबर दिला, शुक्रवारची वेळ सांगितली. पलीकडून विचारणा झाली की सगळं तुम्हीच बघता ना, असं ऐकलं होतं.

"पहले देखती थी," चेतना म्हणाली. "अब बेटी का रिज़ल्ट आने दीजिए, फिर सोचूँगी."

अनन्याने मान वर केली नाही. "पास हो गई तो भी मत सोचना, मम्मी. ग्यारहवीं में भी मैथ्स है."

चेतनाने सूप आपल्याकडे ओढलं आणि तीही मटार सोलायला बसली.