टॉवरवरून कुणाला काय दिसलं

आमच्या आर्किटेक्टच्या धंद्यात काम संपलं की ड्रॉइंग कपाटात जातात आणि किस्से मागे उरतात. बंगल्यांचे किस्से चारचौघांत सांगता येत नाहीत, कारण बंगलेवाला नेमका शेजारच्या टेबलावर चहा पीत असतो! टॉवरचं तसं नाही. शिरपूरच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी एका टेकडीवर आम्ही पर्यटकांसाठी निरीक्षण मनोरा बांधला. धुळ्याच्या आमच्या तीन खुर्च्यांच्या ऑफिसचं हे सगळ्यात उंच काम. त्याचे किस्से मी कुणालाही सांगतो, न विचारता सांगतो.

*

टेकडी सरकारी, पण तिथवर रस्ता नव्हता. मधे दगाआबांचं शेत. आबांनी पंच्याहत्तरी ओलांडलेली, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. रस्त्यापुरती पट्टी मागायला आम्ही हात जोडायच्या तयारीनेच गेलो होतो.

आबा म्हणाले, "रस्ता ल्या. पन मनी एक अट शे. माले वर चढता येवाले जोयजे."

"कशाला हो आबा?"

"बांध दखना शे!"

आबांना वरून शेताचा बांध बघायचा होता. भानगड अशी होती. आबा आणि त्यांचे धाकटे भाऊ सुकाभाऊ यांची शेतं लागून. सुका दर पेरणीला मधला बांध कोरतो आणि वीतभर आत सरकतो, असं आबांचं ठाम म्हणणं. सुकाभाऊंचंही अगदी हेच म्हणणं, फक्त नाव आबांचं! वीस वर्षं दोघांत एक शब्द नाही. सरकारी मोजणी मात्र कुणीच मागवली नाही. घरचं भांडण कचेरीत न्यायचं नाही, या एका गोष्टीवर दोघा भावांचं एकमत होतं.

मी मोबाइलवर उपग्रहाचा नकाशा उघडून पुढे केला. आबांनी मान फिरवली.

"मोबाइलमा काय बी दखाडतस! मना डोयाले दखाडा. आनि मंग फोटो काढा, गावले दखाडाले."

*

झालं! वीस मीटरच्या टॉवरचं डिझाइन दोन गुडघ्यांच्या हाती गेलं. लिफ्ट बजेटमध्ये बसत नव्हती. मग आबांच्या अंगणात विटा आणि फळ्या रचून पायरीची उंची ठरवायला बसलो.

सात इंच. आबा म्हणाले, "अं हं."

सहा इंच. "अं हं."

पाच इंचांवर आबा तीनदा चढले, तीनदा उतरले आणि मिशीत हसले. "आशी करा. म्हैस बी चढी जाई!"

पायऱ्या वाढल्या, जिना लांबला, दर बारा पायऱ्यांवर बसायला कट्टा आला. माझा मूळचा सडपातळ टॉवर चांगला अंगाने भरला. मला आधी वाईट वाटलं होतं, हे कबूल करतो.

*

आमचे स्ट्रक्चरवाले महाजनसर. हिशेब असा पक्का की टॉवरवर हत्ती नेऊन नाचवा म्हणायचे. वरच्या स्लॅबची सळई तपासायच्या दिवशी सर खालीच उभे. डोळ्यांवर हात धरून वर बघतायत.

"सर, चला ना वर."

"नको. मला उंचीची भीती वाटते."

"अहो, पण गणित तुमचं आहे!"

"म्हणून तर खाली एवढा निवांत उभा आहे!"

शेवटी सळई मी तपासली, सरांना व्हिडिओ कॉलवर घेऊन.

*

त्याच स्लॅबच्या दिवशीची गोष्ट. ऐन वैशाख. डोंगराकडच्या पाड्यावरच्या आठ बाया घमेली घेऊन वर. जेवणाची सुटी झाली तरी एकही खाली येईना. मुकादम ओरडून थकला. मी तरातरा वर गेलो, चांगलं फैलावर घ्यायचं म्हणून.

आठही जणी ओळीने बसल्या होत्या. हातात भाकरी, पण घास कुणी मोडलेला नाही. समोर सगळा मुलूख उघडा पडलेला! नांगरून ठेवलेली शेतं, मधूनमधून केळीचे हिरवे तुकडे, आणि पार तिकडे, जिथे नजर संपते तिथे तापीची चकाकती रेघ. आबांचं आणि सुकाभाऊंचं शेत तेव्हा नुसती माती होतं, बांध शोधूनही सापडत नव्हता.

त्यातल्या रेवाबाईने मला हळूच विचारलं, "साहेब, हाई बठ्ठं पहिलेपासून आठेच व्हतं का?"

हे सगळं आधीपासून इथेच होतं का! मी तिथेच बसलो. तिने अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली आणि आम्ही नऊ जण समोर बघत जेवलो.

*

वर बाकं बसवली ती सातपुड्याकडे तोंड करून. पर्यटक डोंगर बघायला येणार, हा आमचा हुशार हिशेब! उद्घाटनानंतरच्या पहिल्या रविवारी बघतो तर सगळं गाव डोंगराकडे पाठ करून दक्षिणेच्या कठड्याला चिकटलेलं.

मी म्हटलं, "अहो, डोंगर इकडे आहे!"

एक अक्का वळूनसुद्धा न बघता म्हणाल्या, "डोंगर रोजना शे. मनं घर वरथून कधी दखेल व्हतं मी?"

आठवड्याभरात बाकं फिरवली.

*

आबा उद्घाटनाला आलेच नाहीत. "पीक वर येऊ द्या, मंग बांध दखाई," म्हणाले. भाद्रपदात एका सकाळी निरोप आला, आज चढतो.

बातमी पसरली. टॉवरखाली ही गर्दी! सुकाभाऊही आले होते, लांब, हाताची घडी घालून. आज वीस वर्षांचा निकाल होता.

आबा चढले. प्रत्येक कट्ट्यावर बसले, पाणी प्यायले, उठले. मी जीव मुठीत धरून मागे. तासाभराने आम्ही वर पोहोचलो. आबांनी कठडा धरला आणि आधी नुसतं सगळीकडे पाहिलं.

"माय वं!" एवढंच म्हणाले.

मग त्यांनी खाली स्वतःच्या शेताकडे पाहिलं. आबांचा कापूस गडद, सुकाभाऊंचा मका पोपटी, आणि मधे बांध अगदी कुणी रेघ ओढावी तसा स्पष्ट. विहिरीपासून निम्म्यापर्यंत सरळ. तिथून पुढे वाकलेला. त्याचा फुगवटा सुकाभाऊंच्या मक्यात शिरला होता, आणि त्या फुगवट्यात आबांचा कापूस डुलत होता.

मला दिसलं. आबांनाही दिसलं, कारण कठड्यावरची त्यांची बोटं घट्ट झाली. मी मोबाइल खिशातच ठेवला आणि उगाच डोंगराकडे बघत राहिलो. खाली सगळे वर बघत उभे.

मग आबा कठड्यावरून वाकले आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल अशी हाक मारली,

"सुका! वर ये रे भाऊ! तुले काही दखाडनं शे!"