लिंबाच्या वड्या कुणी दिल्या?

शनिवार, ११ जून २००५, सकाळ.

हजर: मी. नवरा. आमची दहा वर्षांची मुलगी, पायजम्यातच. नवऱ्याच्या ऑफिसातल्या मित्राची बायको, म्हणजे माझी नागपूरची मैत्रीण. ती पोहे खायला आली होती.

गैरहजर: सासूबाई. त्या साताऱ्याहून मुंबईच्या विमानतळाकडे निघाल्या होत्या आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्याकडे पोचायच्या होत्या.

तितकाच गैरहजर: त्यांचा डबा.

हा डबा म्हणजे काय ते आधी सांगते. सासूबाईंच्या लग्नात त्यांच्या मामांनी दिलेला, स्टील नवं नवं आलं होतं तेव्हाचा, जाड पत्र्याचा. झाकणावर मामांचं आणि सासूबाईंचं नाव ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं. आम्ही अमेरिकेला निघालो तेव्हा त्यांनी तो डिंकाचे लाडू भरून माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "लाडू संपतील. डबा सांभाळ." तेव्हापासून दर रविवारच्या फोनवर आधी नातीची चौकशी, मग डब्याची, आणि वेळ उरला तर मुलाची. या वेळी त्यांनी बजावलं होतं, "मेतकूट आणतेय. माझा डबा ओट्यावर काढून ठेव, आल्या आल्या त्यातच भरायचं." मी म्हटलं, "ओट्यावरच आहे." माझ्या यादीत तसं लिहिलेलं होतं आणि माझा माझ्या यादीवर विश्वास आहे.

त्या सकाळी बघते तर ओट्यावर टोस्टर.

"डबा कुठंय?" मी नवऱ्याला विचारलं.

"कुठला डबा?" या उत्तरावरूनच मला कळलं, की याला माहीत आहे.

हिवाळ्यात समोरच्या आजींच्या मुलाने आमच्या दारातला बर्फ आपणहून काढून दिला होता. नवऱ्याला वाटलं, काहीतरी द्यावं. प्लास्टिकचे डबे सगळे कुणाकुणाकडे गेलेले. म्हणून त्याने चिवडा त्या डब्यात भरून नेऊन दिला.

"त्या डब्यात? अरे, तो घराबाहेर न जाणाऱ्या भांड्यांत आहे!"

"तशी यादी आहे हे मला कुणी सांगितलं?"

"फ्रिजवर लावलीय, यार," मैत्रीण पोहे खात म्हणाली. "मलाही माहिताय."

"आई, रिलॅक्स," मुलगी म्हणाली. "इट्स जस्ट अ बॉक्स."

आम्ही चौघं समोरच्या घरी गेलो.

आमचं गाव तेव्हा गाव म्हणावं की शहर म्हणावं, अशा बेतात होतं. एका टोकाला धान्याचं उंच कोठार, दुसऱ्या टोकाला पाण्याची टाकी, मध्ये वारा. वारा इतका, की इथली माणसं उभी राहतानाही थोडी तिरकी राहतात. वेशीवरच्या पाटीवर लोकसंख्या लिहिलेली होती, पण ती कायम जुनी. दरवर्षी मक्याच्या एखाद्या शेताच्या जागी घरं उभी राहत. आम्ही आलो तेव्हा नवऱ्याने नगरपालिकेत जाऊन विचारलं होतं, पाटीवर आमचे तीन कधी मिळवणार. ते म्हणाले, पाटी रंगवणारा सध्या मक्याच्या पेरणीत आहे.

समोरच्या आजी शेतकऱ्याच्या घरातल्या, आता शेत मुलाकडे. त्यांनी आम्हाला आधी बसवलं, कॉफी दिली, दालचिनीची पोळीसारखी गुंडाळी दिली. मग म्हणाल्या, "तो चकचकीत डबा ना? तो रिकामा कसा परत करणार? मी त्यात रूबार्बच्या आंबट देठांच्या वड्या भरल्या आणि तुम्ही भेटाल म्हणून चर्चच्या जेवणाला नेल्या. तुम्ही आलाच नाहीत."

"आम्ही चर्चला जात नाही हो, आजी."

"जेवायला तर याल, असं वाटलं."

आता मला आजींवर रागावताही येईना, कारण भांडं रिकामं परत करू नये हे मीच मुलीला शिकवत आले होते. साताऱ्याची आणि इथल्या सपाट प्रेअरी मुलखाची ही शिस्त एकच असेल, हे मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं.

"मग डबा तिथेच राहिला?"

"तिथेच. पण त्याच्या बुडाला चिकटपट्टी नव्हती ना."

हे कळायला थोडा वेळ लागला. या गावात प्रत्येक भांड्याच्या बुडाला चिकटपट्टी लावून तिच्यावर मालकिणीचं नाव लिहितात. पट्टी नसेल तर भांडं चर्चच्या स्वयंपाकघराचं, म्हणजे सगळ्यांचं.

"पण नाव होतं! झाकणावर, कोरलेलं!"

"ते नाव होतं होय?" आजी हळहळल्या. "आम्ही सगळ्यांनी नक्षी म्हणून कौतुक केलं."

चर्चच्या तळघरात दोन बायका कॉफीचं भलंमोठं पिंप घासत होत्या. आम्ही डब्याचं वर्णन केलं. "हो हो, सुंदर नक्षीचा," त्या म्हणाल्या. तो अग्निशमन केंद्राने नेला होता, त्यांच्या दर शनिवारच्या पॅनकेकच्या न्याहारीसाठी. हे सांगण्याआधी त्यांनी आम्हाला बटाट्याचं सॅलड खायला लावलं. या गावात खाल्ल्याशिवाय माहिती मिळत नाही, हे तोवर माझ्या लक्षात आलं होतं. मैत्रिणीच्या तर आधीच आलं होतं.

"ताई, पोटात जागा ठेवा जी," ती गाडीत म्हणाली. "पुढं पॅनकेक आहेत."

अग्निशमन केंद्रात बंब बाहेर काढून आत टेबलं मांडली होती. अर्धं गाव जेवत होतं. तव्यापाशी दलप्रमुख, म्हणजे एरवी आमच्या गाडीचं ऑइल बदलणारा गृहस्थ, ॲप्रन बांधून उभा. आमच्या गावात प्रत्येकाला निदान दोन कामं असतात.

"आग लागलीय?" माझा चेहरा बघून त्याने विचारलं.

"त्याहून वाईट," नवरा म्हणाला. "उद्या माझी आई येतेय."

रांगेतले सगळे हसले आणि आमच्यासाठी बाजूला झाले. दलप्रमुखाने चौघांना ताटं दिली. डब्यात त्याने ब्लूबेरी ठेवल्या होत्या. फार चांगला डबा, झाकण घट्ट, त्याने प्रमाणपत्र दिलं. पण आठवड्यापूर्वी तो स्वागतवाल्या बाईंनी नेला. या बाई शाळेची बस चालवतात आणि गावात नवीन कुटुंब आलं, की केक घेऊन त्यांच्या दारात हजर होतात.

"शी इज माय बस ड्रायव्हर!" मुलगी ओरडली आणि पॅनकेक सोडून धावली, कारण त्या बाई तिथेच, शेवटच्या टेबलावर बसल्या होत्या.

"तो डबा? तो मी नव्या वसाहतीत दिला," बाई म्हणाल्या. "गाजराचा केक घालून. कुटुंब फार गोड आहे."

"घर कुठलं?"

बाईंनी आठवून आठवून सांगितलं, "फिकट पिवळसर रंगाचं."

नवी वसाहत मागच्या वर्षीपर्यंत मक्याचं शेत होती. रस्त्यांना झाडांची नावं दिलेली, झाडं मात्र काठ्यांना बांधलेली, माझ्या खांद्याइतकी. आणि घरं एकजात फिकट पिवळसर. नवरा गाडी थांबवून शांतपणे म्हणाला, "सापडला. यातल्या कुठल्यातरी घरात आहे."

मी रस्ता वाटून दिला. उजवी बाजू नवरा आणि मुलगी, डावी मी आणि मैत्रीण. मैत्रिणीच्या हातात दलप्रमुखाने घरी न्यायला दिलेल्या पॅनकेकचा गठ्ठा होता.

पहिल्या दारात एक तरुण जोडपं आलं, मागे खोक्यांचे ढीग. मी स्पष्टपणे विचारलं, "आमचा डबा तुमच्याकडे आहे का?" पण त्यांची नजर पॅनकेकवर होती. "अहो, किती छान!" त्यातली तरुणी म्हणाली. "येऊन आठवडा झाला, तुम्ही पहिल्याच आलात."

मैत्रिणीने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. तिने दोन पॅनकेक काढून दिले.

"अवो, काय करता मग!" बाहेर आल्यावर ती म्हणाली. "तोंडावर कसं सांगू, की आम्ही भांडं मागायला आलो?"

पुढच्या दारांतही तेच झालं. डबा कुणाकडे नव्हता, पण पॅनकेक सगळ्यांना हवे होते. पलीकडून नवरा हात हलवत आला. त्याला एका माणसाने गवत कापायचं यंत्र चालू करून द्यायला लावलं होतं, आणि मुलीला एका घरी मांजराची पिल्लं दाखवली होती. पॅनकेक संपले तेव्हा शेवटच्या घरातल्या काकांनी आम्हाला विचारलं, की तुमच्या स्वागत समितीत नाव नोंदवायचं तर कुठे नोंदवायचं.

दमून घरी परतलो. वाटेत मी सासूबाईंना काय सांगायचं, याची उजळणी करत होते. डबा पॉलिशला दिलाय. नको, अमेरिकेत डबे पॉलिशला कोण देतं? डबा प्रदर्शनात आहे. हे निदान अर्धं खरं होतं.

"खरंच सांग," नवरा म्हणाला. "सगळं माझ्यावर ढकल."

"ते तर ठरलेलंच आहे," मी म्हटलं.

आणि दारात, पायपुसण्यावर, डबा.

घासलेला, लखलखीत. आत लिंबाच्या वड्या, वरून पिठीसाखर. चिठ्ठी नाही. मी उलटा धरून बूड पाहिलं, तर चिकटपट्टीही नाही. जिथे कलथ्यालासुद्धा नाव असतं, त्या गावात हे एकच काम कुणीतरी निनावी केलं होतं. आम्ही दारोदार फिरत असताना बातमी आमच्या पुढे गेली होती, एवढं उघड होतं.

दुसऱ्या दिवशी सासूबाई आल्या. चपला काढून थेट ओट्यापाशी. डबा बघितला, झाकणावरून बोट फिरवलं, माझा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी झाकण उघडलं.

"हे काय? लिंबाचं? तू केलंस?"

"नाही. कुणीतरी दिलं."

"कुणीतरी म्हणजे कुणी?"

मुलीने कॉफीपासून मांजरांपर्यंत सगळं सांगून टाकलं, अर्धं इंग्रजीत, आणि आजीला नेमकं कळलं. मी ओरडा खायच्या तयारीत उभी राहिले. सासूबाईंनी एक वडी खाल्ली, विचार केला, दुसरी खाल्ली.

"चांगली माणसं आहेत," त्या म्हणाल्या. "आता यात मेतकूट भरता येणार नाही."

"का हो आई?"

"अगं, हा त्यांच्याकडून भरून आलाय. आधी त्यांना भरून जायला नको? मग माझा."

"पण ते कोण, हेच माहीत नाही!"

"मग शोध. याद्या करतेस ना?"

मेतकूट प्लास्टिकच्या बरणीत गेलं. सासूबाईंनी चकल्यांचा घाट घातला आणि संशयितांकडे एकेक ताटली पाठवायला सुरुवात केली: समोरच्या आजी, तळघरातल्या दोघी, दलप्रमुख, बसवाल्या बाई, पिवळसर घरं. "वडी खाऊन ओळखेन मी हात कुणाचा ते," त्या म्हणायच्या. ताटल्या अर्थातच भरून परत आल्या. ॲपल पाय आले, बिस्किटं आली, बागेतले टोमॅटो आले. लिंबाच्या वड्या कुणीच पाठवल्या नाहीत. आलेल्या प्रत्येकाची परतफेड वेगळी राहिली आणि माझी यादी फ्रिजच्या दारावरून बाजूच्या भिंतीवर गेली.

सहा महिने संपून सासूबाई निघाल्या, तेव्हा मी डबा पुसून त्यांच्या बॅगेत ठेवायला गेले. त्यांनी तो काढून परत ओट्यावर ठेवला.

"आधी त्यांचं दे," त्या म्हणाल्या. "माझं काय, मी घरचीच."

आता रविवारच्या फोनवर त्या आधी नातीचं विचारतात आणि मग, "लागला का पत्ता?" पाटी रंगवणारा अजून वेशीवर पोचलेला नाही. दर महिन्याला आणखी काही पिवळसर घरं उभी राहतात, म्हणजे संशयितही वाढतात. मैत्रीण म्हणते, तुम्ही निवडणुकीला उभ्या राहा ताई, घरं पाठ झालीत तुमची.

डबा ओट्यावर आहे, रिकामा. यादीत सगळ्यात वर लिहिलंय: डबा भरून देणे. पुढे नावासाठी जागा सोडली आहे.